उचलून ठेवलेली बाई

हीरोने माझ्या काखेत हात घालून मला उचललं आणि टेबलावर ठेवलं.

"माय लॉर्ड, आता दिसल्या का वकीलबाई?"

सगळे हसले. जज झालेला नट हसला, त्याला हसायचंच होतं, स्क्रिप्टमध्ये होतं. पण लाइटवालेही हसले. मेकअपवाला हसला. दिग्दर्शक मॉनिटरसमोर मांडीवर थाप मारून हसला. त्याच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत माझी आई बसली होती. तिने आधी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे. सगळेच हसतायत म्हटल्यावर तीही हसली. पदर तोंडाला लावून.

मी टेबलावर. पाय लोंबतायत. वकिलाचा काळा कोट काखेत गोळा झालेला, गळ्याचा पांढरा पट्टा कानाकडे गेलेला. चौतीस वर्षांची बाई. आणि मीसुद्धा हसत होते. सवयीने.

"सुपर! झकास! एक सेफ्टी घेऊ," दिग्दर्शक ओरडला. म्हणजे हाच शॉट पुन्हा एकदा, असावा म्हणून.

पुन्हा एकदा म्हणजे पुन्हा आईसमोर.

आईला मी त्या दिवशी पहिल्यांदाच सेटवर नेलं होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण तिला कधी येऊ दिलं नाही. ती म्हणायची, "एकदा तरी दाखव गं, काय काम करतीस." मी म्हणायचे, लांब आहे, ऊन असतं, बसायला जागा नसते. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटायची. मी काय काम करते ते तिने बघू नये असं वाटायचं.

मी लहान मुलींची पाठ आहे. हेच माझं काम.

सिरीयलमध्ये लहान मुलगी असते ना, गोड, दोन वेण्या, हीरोची लाडकी लेक. तिला दिवसभर राबवता येत नाही. तिचे तास ठरलेले असतात, ती दमते, झोपते, शाळेत जाते. माझी उंची तिच्याएवढीच, म्हणून तेव्हा तिचा फ्रॉक घालून मी उभी राहते. लांबून दिसणारी मी. पाठमोरी मी. बापाच्या खांद्यावर झोपलेली मी. तोंड तिचं, पाठ माझी. पडद्यावर नाव तिचं. सेटवर मला सगळे बेबी म्हणतात. स्पॉटवर चहा वाटणारा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा पोरगा, तोही म्हणतो, "बेबी, चाय लेगी?"

फ्रॉक घालायचा तर छाती दिसून चालत नाही. मग क्रेप बँडेजने बांधायची. कपड्यांच्या विभागातली शोभाताई बांधायची. वाकोल्याला राहते, मूळची कणकवलीकडची, वडील गिरणीत होते. ती दर वेढ्याला विचारायची, "गो बाय, श्वास घेवक येता मां?" येता, म्हणायचे मी. येत नसायचा. पण अख्ख्या सेटवर माझ्या अंगाला हात लावण्याआधी विचारणारी ती एकटीच होती, तिला काय सांगणार!

मग ते उचलणं. व्हॅनिटीची, म्हणजे मेकअपच्या गाडीची पायरी उंच, कोणीतरी मागून उचलून आत ठेवणार. शॉटची घाई, असिस्टंट काखेत मारून पळणार. हीरोचा मूड चांगला असला तर येता-जाता उचलून एक गिरकी. "अरे बेबी तो फूल है!" सगळे हसणार. मी हसणार. घरी येऊन मोरीत काखा चोळून धुवायचे. आई बाहेरून विचारायची, एवढा वेळ काय करतीस.

आणि हे काही सेटवर सुरू झालेलं नाही. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. तिथल्या शाळेत फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की बाई दोन दांडग्या मुलींना सांगायच्या, "उचला गं हिला." दोघी दोन बाजूंनी धरायच्या. मी लोंबत लोंबत गणित सोडवायचे. उत्तर बरोबर यायचं. उत्तराकडे कोणी बघायचंच नाही. माझी चड्डी दिसते का ते बघायचे.

माझी आजी जालन्याकडची. ती सांगायची, गावातला दुकानदार तिच्या पदरात मीठ वरून टाकायचा. हात लागू नये म्हणून. थोडं पदरात पडायचं, थोडं मातीत. ते ऐकताना लहानपणी मला वाटायचं, आपलं बरं आहे. आपल्याला तर सगळे हात लावतात. खरंच असं वाटायचं मला. आजीला कोणी शिवत नव्हतं, मला सगळे शिवतात. विचारलं दोघींनाही कोणी नाही, हे कळायला मला फार वेळ लागला.

तर वकीलबाई.

बंटी नावाचा आमचा एक कोऑर्डिनेटर आहे, कलाकार पुरवणारा. त्याचा फोन आला. "सुन, फिल्म आहे. मराठी. तुला कॅरेक्टर रोल. वकील. डायलॉग आहे, पूर्ण पान भरून."

"कोणाची डबल?"

"अरे डबल नाही यार! तूच! तोंड दाखवायचंय."

मी फोन ठेवला आणि गॅस चालू आहे हेही विसरले. डाळ करपली. त्या करपलेल्या डाळीवर आई ओरडत होती आणि मी तिला सांगत होते की आई, मी वकील झाले. तिला आधी खरंच वाटलं. मग कळल्यावर म्हणाली, "पिच्चरमधली का असंना."

कोटाचं माप द्यायला गेले. पहिल्यांदा माझ्या मापाचे, बाईच्या मापाचे कपडे शिवले जात होते. तोवर लहान मुलींचे कपडे मला दाबून दाबून बसवायचे. टेलरने छातीचं माप घेतलं आणि लिहून घेतलं. एवढंच. पण मला रडू आलं. काळा कोट तयार झाला तेव्हा मी त्याला विनंती केली, एक दिवस घरी नेऊ का? नेला.

आमच्या घरात भिंतीवर कोटातला एक फोटो आहे. कोणाचा ते सांगायला नको. आमच्या वस्तीत प्रत्येक घरात आहे. मी कोट घालून त्या फोटोखाली उभी राहिले. आई बघत राहिली. मग तिने कोटाची बाही हलकेच ओढून सरळ केली आणि म्हणाली, "तुझे पप्पा पाहिजे होते." पप्पा शाळेची बस चालवायचे. ते गेले तेव्हा मी कोणाच्या तरी मुलीचा फ्रॉक घालून झोपाळ्यावर बसले होते.

आईने शेजारी सांगितलं. विहारात सांगितलं. रविवारी वंदना झाल्यावर बायका मला म्हणाल्या, "वकीलबाई, आमची पण केस घ्या की." चेष्टा होती, पण मायेची. मी पान पाठ केलं. स्वयंपाक करताना, कपडे धुताना, संडासच्या रांगेत. आईलाही ते पाठ झालं. मी अडले की ती आतून पुढचं वाक्य सांगायची.

म्हणून मी तिला नेलं. कोटातली मी दाखवायला नेलं. घाटकोपरहून मेट्रो, साकीनाक्याला उतरलो, रिक्षा केली. तिने विहारात जायची पांढरी साडी नेसली होती. स्टुडिओच्या गेटवर वॉचमनने विचारलं तर तिनेच सांगितलं, "वकीलबाईची आई."

सेटवर कोर्ट उभं केलेलं. मी कोट घालून पानातली ओळ अन् ओळ म्हणत फिरत होते. दिग्दर्शक आला. तरुण, हसरा. गुडघ्यावर हात ठेवून वाकला. माझ्याशी बोलताना लोक असे वाकतात.

"अगं ऐक ना, एक भारी गंमत सुचलीय. तू आर्ग्यू करतेस. जजला आवाज येतो, बाई दिसत नाही. मग आपला हीरो येतो, तुला उचलतो, टेबलावर ठेवतो. थिएटर डोक्यावर घेतील लोक!"

"आणि माझा डायलॉग?"

"तो लांब होतोय गं. एक लाइन ठेवू."

"सर, कॅमेरा थोडा खाली घेतला तर मी उभ्यानेच दिसेन. टेबलाच्या पुढे उभी राहते."

तो हसला. रागावला नाही, हसला. "फ्रेम हीरोच्या लेव्हलला लावलीय, यार. तुझ्यासाठी अख्खं लाइटिंग बदलू?"

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकली. मी ज्या मुलीची पाठ होते, त्या पिहूसाठी कॅमेरा खाली यायचा. रोज यायचा. स्टँडचे पाय आखूड करायचे, कॅमेरामन जमिनीवर मांडी घालून बसायचा, लाइट उतरवायचे. "बेबीच्या आय-लेव्हलला घे रे," असं ओरडायचे. तेवढ्याच उंचीवर माझे डोळे होते. मला हे आधी का सुचलं नाही? लाज वाटली स्वतःची. एवढी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, अगदी डोळ्यांसमोर, कॅमेरा खाली येत होता.

तर पहिला टेक झाला. तो मी आधीच सांगितला. आई हसली, तेही सांगितलं.

दुसऱ्या टेकसाठी मला टेबलावरून उतरवलं. तेही उचलूनच. शोभाताई त्या फिल्मवरही होती. ती कोट सरळ करायला आली. कोटाची बटणं लावायला तिने हात पुढे केला, मी म्हटलं, "राहू दे, उघडाच राहू दे." मी का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. तिने मला हात केला. हसून. तिला वाटत होतं सगळं छान चाललंय. लेक पडद्यावर येणार. लेकीला पाहून लोक हसतायत म्हणजे लेकीचं काम आवडलंय. तिच्या ओठांवर ते पान होतं अजून, मी बघितलं, ओठ हलत होते तिचे. मी कधी म्हणते याची वाट बघत होती.

तिथे माझं काहीतरी तुटलं. मला हसणाऱ्यांचा तेवढा राग नाही आला. आई त्या पानाची वाट बघत होती आणि ते पान येणारच नव्हतं, त्याने तुटलं.

"ॲक्शन!"

मी एक ओळ बोलले. जज म्हणाला, कोण बोलतंय? हीरो आला. वाकला. दोन्ही हात माझ्या काखेत.

आणि मी दोन्ही हात वर केले. अंग सोडून दिलं.

हे मी पिहूकडून शिकले. हट्टाला पेटलेलं पोर उचलून बघा. ते हात वर करतं, खांदे सैल सोडतं आणि सुळकन खाली घसरतं. धरायला काही उरतच नाही. प्रत्येक आईला हे माहीत आहे. पिहू जेवायला जायचं नसलं की असंच करायची, मी लांबच्या शॉटमध्ये तिची नक्कल करून करून शिकले होते. मोठी माणसं हे विसरतात. मोठ्या माणसाला उचललं की तो अंग ताठ करतो आणि सोपा होतो उचलायला.

मी घसरले. कोट त्याच्या हातात राहिला. मी खाली, फरशीवर, ढुंगणावर आपटले. तो रिकामा कोट धरून उभा.

कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं.

"कट! काय झालं? लागलं का?"

लागलं होतं. मी उठले. पांढऱ्या ब्लाउजवर, कोटाविना, अख्ख्या युनिटसमोर. आवाज माझा चिरकला, मला वाटलं होतं तसा खणखणीत नाही आला.

"मला उचलायचं नाही. मला विचारलं का कोणी?"

हीरो म्हणाला, "अगं, सीन आहे. सीनमध्ये विचारायचं काय?"

"सीनमध्ये मी वकील आहे. वकिलाला कोणी उचलतं का?"

दिग्दर्शकाचं हसू गेलं. "तुला कळतंय का तू काय बोलतेस? लाइट जातोय, माणसं थांबलीयत. तुझ्यासारख्या छप्पन मिळतील."

"मला माझं पान द्या. उभ्याने बोलते. कॅमेरा खाली घ्या."

तेवढ्यात आई उठली. खुर्ची मागे पडली तिची. पांढऱ्या साडीतली माझी आई, दिग्दर्शकासमोर हात जोडून.

"साहेब, लेकरू हाय. चुकलं तिचं. समजून घ्या."

लेकरू हाय.

आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही. फ्रॉक घालून नाही. फळ्यापुढे लोंबताना नाही. आईचे जोडलेले हात बघून वाटली. तिची नाही वाटली. तिला तसे हात जोडायला ज्यांनी शिकवलं त्यांची, आणि मीही तेच शिकत आले होते म्हणून माझी.

"आई," मी म्हटलं, "हात सोड. मी लेकरू नाही."

तिने हात सोडले नाहीत. दिग्दर्शकच म्हणाला, "घेऊन जा यार यांना कोणीतरी."

पहिला टेक पुन्हा बघितला तर फोकस सुटलेला, शॉट पुन्हा घेणं भाग होतं. दिग्दर्शक छप्पन मिळतील म्हणाला होता. एकही मिळाली नाही. तासाभरात बुटकी वकील कुठून येणार! मग असिस्टंट शेजारच्या सेटवर पळाला, तिथे जाहिरात चालली होती. एक लहान मुलगी घेऊन आला, सोबत तिची आई. मुलीला माझा कोट घातला. तिला तो जरा ढगळ झाला. पाठमोरी उभी करायची, उचलून ठेवायची, तोंड दाखवायचं नाही. आवाज नंतर कोणीतरी देईल.

मी आणि आई सामान घेऊन दारात उभ्या होतो. मी ते बघितलं. इतकी वर्षं मी पोरींची पाठ होते. त्या दिवशी एक पोर माझी पाठ झाली.

आणि मग असिस्टंट त्या मुलीच्या आईला म्हणाला, "मॅडम, सर बेबीला उचलतील. चालेल ना?"

ती म्हणाली, "काखेत नको हं. गुदगुल्या होतात तिला. कमरेला धरायला सांगा."

हीरो गुडघ्यावर बसला. त्या मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बेटा, उचलू?"

तिने मान हलवली. मग त्याने उचललं. कमरेला धरून.

मी ते बघत राहिले. विचारता येतं यांना. येतं. कोणाला विचारायचं असतं तेही कळतं. मला विचारायचं राहून गेलं नव्हतं. मला विचारावं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

बाहेर रिक्षा मिळेना. आई एकदम सुरू झाली. "काय गरज होती? सगळ्यांना सांगितलंय मी. विहारात काय तोंड दाखवू? थोडं उचललं तर काय झालं, मी नाही उचलत तुला? बसमध्ये चढवताना, बाकड्यावर बसवताना? मोठी झाल्यावर पण उचललं मी."

"हो," मी म्हटलं. "तूपण विचारलं नाहीस कधी."

हे बोलायला नको होतं का? नाही, बोलायला हवंच होतं. पण तिचं तोंड बघवत नव्हतं.

रिक्षा आली. पायरी उंच होती. आईचा हात सवयीने माझ्या काखेकडे आला आणि अर्ध्यावर थांबला. तिने तो परत घेतला. काय करावं तिला कळेना, पदराशी चाळा करत राहिली. मी दांडा धरला, गुडघा टेकला, ओढत ओढत चढले. वेळ लागला. रिक्षावाला "बैठो जल्दी" म्हणाला. मी म्हटलं, "बसतेय. माझ्या वेळाने."

आई माझ्यावर अजून रागावलेली आहे, खोटं कशाला सांगू. विहारातल्या बायकांना तिने सांगितलं, पिच्चर रद्द झाला. पिच्चर आला. वकीलबाई पाठमोरी दिसते, लोक हसतात.

पुढे बरेच महिने फोन नाही. बंटी म्हणाला, तुझं नाव खराब झालंय, नखरे करतेस म्हणतात. मी म्हटलं, चला, नाव तरी झालं. आधी बेबीच होते. हसून म्हटलं, पण रात्र रात्र झोप लागत नव्हती. काम गेलं तर दुसरं काय येतं मला? भीती वाटते. आजही वाटते.

मग मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मोठी सिरीयल आहे. लहान मुलीची डबल. बापाच्या खांद्यावर झोपायचं, बस. करतेस का?"

"नाही."

"अगं, ऐकून तरी घे."

"बंटी, तू ऐक. मी यापुढे कोणाची पाठ होणार नाही. बाईचं काम असेल तर सांग. भांडी घासणारी सांग, शिक्षिका सांग, खुनी सांग. तोंड असलेली. आणि अंगाला हात लावायचा असेल तर मला विचारायचं. मी नाही म्हटलं तर नाही."

"असं काम तुला कोण देणार, यार?"

"नको देऊ दे."

फोन आपटला नाही मी. त्यानेच ठेवला. आई ओट्यापाशी खाली बसून भाजी चिरत होती, तिने ऐकलं. विळी थांबली.

ते पान माझ्याकडे अजून आहे आणि सगळं पाठ आहे. पिच्चरमधल्या का असेना, कोर्टात मी कधी ना कधी ते बोलणार. उभ्याने. टेबलाच्या पुढे, जमिनीवर, माझ्या उंचीवर. कोणाला मी दिसत नसेन तर तो माझा प्रश्न नाही. कॅमेरा खाली घ्या. मी वर येणार नाही.